डरहॅम बुल्सच्या पाठीराख्यांचा पहिला सीझन

नॉर्थ कॅरोलिनातल्या केरी-मॉरिसव्हिलकडे राहायला आलेल्या मराठी माणसाला चर्च स्ट्रीट पार्कचं क्रिकेट मैदान पहिल्या महिन्यातच सापडतं. तिथून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर डरहॅम बुल्स या बेसबॉल संघाचं मैदान आहे. मार्चअखेरपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे ७५ सामने होतात, तरी बहुतेकांची मजल ऑफिसच्या एखाद्या फॅमिली नाइटपलीकडे जात नाही. फटाके बघायचे, नाचोज खायचे आणि घरी यायचं. ज्यांना यापुढे जायचंय, एखाद्या संघाचं सीझनभर होऊन राहायचंय, त्यांच्यासाठी ही माहिती. उदाहरण डरहॅमचं घेतलंय, पण यातलं बरंचसं नॉरफोक, शार्लट किंवा रॉचेस्टरच्या संघांनाही चालेल.

आधी हा संघ कुणाचा ते समजून घ्या

बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, मेजर लीगमध्ये, ३० संघ आहेत आणि २०२१ पासून प्रत्येकाच्या हाताखाली मायनर लीगचे चार, म्हणजे एकूण १२०. खालून वर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशी चढण आहे. बुल्स ट्रिपल-एमध्ये, म्हणजे शेवटच्या पायरीवर. १९९८ पासून ते मेजर लीगमधल्या टॅम्पा बे रेजशी जोडलेले आहेत.

खेळाडूंचे करार, पगार, प्रशिक्षक, कुणी किती चेंडू टाकायचे, हे सगळं रेज ठरवतात. डरहॅमचं ऑफिस तिकिटं विकतं, मैदान राखतं, लोकांना बोलावतं. म्हणजे मॅनेजर बुल्सचे कपडे घालतो, पण नोकरी रेजची करतो. चांगला टाकत असलेला पिचर (चेंडू टाकणारा) नऊपैकी चौथ्या इनिंगला का काढला, याचं उत्तर तिकीट खिडकीवर मिळणार नाही. तो दुखापतीतून परतत असेल आणि त्याला त्या दिवशी साठच चेंडू टाकायची मुभा असेल. बॅटर सतत बाद होत असेल तर कदाचित वरून सांगितलेल्या नव्या पवित्र्याने खेळत असेल. जिंकायचं असतंच, पण खेळाडू तयार करणं त्याच्या आधी येतं. हे मान्य नसेल तर मायनर लीगचा नाद न केलेला बरा.

दुसरी गोष्ट, इथे कुणी टिकत नाही. एव्हान लोंगोरिया, डेव्हिड प्राइस, ब्लेक स्नेल हे सगळे डरहॅमहून वर गेले आणि त्यांच्या नावाचे शर्ट घेतलेले लोक इथेच राहिले. म्हणून पहिल्या वर्षी शर्ट घ्यायचाच तर कोऱ्या पाठीचा घ्या. पुढे छातीवर 'बुल्स' असतंच आणि ते नाव १९१३ पासून चालत आलंय. त्याआधी, १९०२ साली, संघाचं नाव 'टोबॅकोनिस्ट्स' होतं. गाव तंबाखूचं आणि बैल हा तंबाखूच्या पुडीवरचा. मैदानाला लागून असलेल्या जुन्या तंबाखू कारखान्याच्या आवारात आता ऑफिसं आणि खाण्याची ठिकाणं आहेत.

आठवड्याचं गणित

२०२१ पासून मायनर लीगमध्ये पाहुणा संघ आठवडाभर मुक्कामाला येतो. मंगळवार ते रविवार रोज एक सामना, रविवारी रात्री किंवा सोमवारी प्रवास. अधूनमधून तीन सामन्यांची मालिकाही असते, पण साचा हाच. नवी माणसं इथे एक चूक हमखास करतात: सोयीचा म्हणून दर वेळी एकच वार पकडतात. सहा जणांची फेरी असेल तर सुरुवात करणारा पिचर आठवड्याने त्याच वारी पुन्हा येतो, त्यामुळे दर गुरुवारी जाणाऱ्याला महिनोन्महिने तेच एक-दोन चेहरे दिसतात. फेरी पाच जणांची असेल तर मंगळवारी टाकणारा बहुधा रविवारी परत टाकतो. सगळे पिचर बघायचे असतील तर वार फिरते ठेवा: पहिल्या घरच्या आठवड्यात मंगळवार आणि शुक्रवार, पुढच्यात बुधवार आणि शनिवार, असं.

सामना साधारण अडीच ते पावणेतीन तास चालतो. पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारं घड्याळ) आल्यापासून रेंगाळणं संपलं. संध्याकाळच्या सामन्यासाठी तासभर आधी पोचा. तिकीट सामन्याचं असलं तरी सराव, सह्या आणि जागा ओळखीची होणं हे सगळं त्या तासातच होतं.

तिकीट: पूर्ण सीझन एकट्याने घेऊ नका

पहिली चार-पाच तिकिटं सुटी घ्या आणि दर वेळी वेगळीकडे बसा. बेसबॉलची मैदानं बहुधा अशी आखतात की बॅटरचं तोंड पूर्व-ईशान्येला यावं. त्यामुळे मावळता सूर्य होम प्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) आणि थर्ड बेस (बॅटरच्या डावीकडची बाजू) यांच्या पाठीमागे जातो, त्या बाजूला सावली लवकर येते आणि फर्स्ट बेस, राइट फील्डची, म्हणजे उजवीकडची, माणसं सातव्या इनिंगपर्यंत डोळ्यांवर हात धरून बसतात. प्रत्येक मैदान नियमाप्रमाणेच असेल असं नाही, म्हणून जुलैतल्या एका संध्याकाळी स्वतः बसून बघा. घरच्या संघाचा डगआऊट (खेळाडू बसतात ती मैदानाकाठची जागा) कुठल्या बाजूला आहे तेही विचारून घ्या; त्याच्या समोरच्या बाजूला बसलात तर आपली माणसं बसलेली दिसतात, त्याच्या वर बसलात तर फक्त त्यांच्या टोप्या.

७५ सामने एका घराला झेपत नाहीत. जुलैपर्यंत तिकिटं मित्रांना वाटत सुटायची पाळी येते. पाच घरांनी मिळून दोन खुर्च्या पूर्ण सीझनसाठी घ्याव्यात, म्हणजे प्रत्येक घराला १५ सामने येतात. वाटणी चिठ्ठ्या टाकून करा, पण सरळ क्रमाने नको. पहिल्या फेरीत १, २, ३, ४, ५ आणि दुसरीत ५, ४, ३, २, १. नाहीतर पहिल्याच्या वाट्याला सगळे फटाक्यांचे दिवस येतात आणि पाचव्याकडे एप्रिलमधला थंडगार बुधवार. निवड सुरू करण्याआधी एक नियम कागदावर लिहा: प्रत्येक घराने किमान पाच सामने मंगळवार ते गुरुवारचे घ्यायचे. हा नियम नसला की शनिवार संपतात, मधले वार उरतात आणि हिशेब करणाऱ्याच्या गळ्यात पडतात. पैसे वाटणीच्या आधी गोळा करा. नंतर मागायला गेलं की मैत्रीत मिठाचा खडा पडतो.

खाण्याचं म्हणाल तर बाहेरचे डबे बहुतेक मैदानांत चालत नाहीत. तान्ह्या बाळाचं आणि औषधापुरतं चालतं. शाकाहारी माणसाने पिझ्झा, प्रेत्झेल, पॉपकॉर्न यांवर आठवड्यातून दोनदा राहण्यापेक्षा घरून जेवून निघावं. फ्राइज घेताना त्याच तेलात चिकन तळतात का, ते विचारा.

लेफ्ट फील्डला ३२ फूट उंच निळी भिंत आहे आणि वर बैलाची भलीमोठी पाटी. १९८८ च्या एका हॉलिवूडपटासाठी अशी पाटी जुन्या मैदानात उभारली होती. ती लोकांना इतकी आवडली की १९९५ साली उघडलेल्या या नव्या मैदानातही बैल आला. बुल्सच्या खेळाडूने होमरन (इथला षटकार) मारला की बैलाचे डोळे लाल होतात, शेपूट हलते, नाकातून धूर निघतो. चेंडू बैलाला लागला तर खेळाडूला स्टेक आणि पायाखालच्या गवताला लागला तर सॅलड, असं पाटीवरच लिहिलंय. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं लक्ष गवताकडेच असतं.

रोजची पाच मिनिटं: 'ट्रॅन्झॅक्शन्स'चं पान

खरा पाठीराखा आणि फटाके बघायला आलेला माणूस यांच्यातला फरक इथे दिसतो. मायनर लीगच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक संघाचं 'ट्रॅन्झॅक्शन्स' नावाचं पान असतं. ते रोज सकाळी बघा. भाषा कोरडी, पण एकेका ओळीत कुणाचं तरी आयुष्य बदललेलं असतं.

'ऑप्शन्ड' म्हणजे रेजच्या चाळीस जणांच्या यादीतला खेळाडू खाली पाठवला. सहसा बॅटर १० दिवस आणि पिचर १५ दिवस परत जात नाही, वर कुणी जखमी झालं तरच आधी जातो. 'रिकॉल्ड' म्हणजे तोच परत वर गेला. 'काँट्रॅक्ट सिलेक्टेड' दिसलं तर नीट वाचा: हा त्या चाळिसांत नव्हता, आता घेतला. पुष्कळदा ही त्या माणसाची मेजर लीगमधली पहिलीच वेळ असते, कधी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. 'डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट' ही वाईट बातमी. त्याला चाळिसांतून काढलंय आणि आठवडाभरात दुसऱ्या संघाकडे जाणं, सोडून दिलं जाणं किंवा डरहॅमलाच येणं यातलं काहीतरी होणार. 'रिहॅब असाइनमेंट' म्हणजे रेजचा जखमी खेळाडू सूर सापडायला इथे आलाय. बॅटर जास्तीत जास्त २० दिवस, पिचर ३०. मोठं नाव जवळून बघायचं असेल तर याच दिवसांत तिकीट काढा, आणि वेळेवर पोचा, कारण असा पिचर दोन-तीन इनिंग टाकून निघून जातो.

जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. त्या आठवड्यात डगआऊटमध्ये सामन्याच्या मध्येच मिठ्या मारणं सुरू झालं तर समजा की कुणाचा तरी सौदा झाला.

वही-पेन्सिल

स्कोअर स्वतः लिहायला शिका. फोनवर सगळं असतं हे खरं, पण लिहिणाऱ्याचं लक्ष इकडेतिकडे जात नाही आणि शेजारची सत्तरीतली आजी आपण होऊन बोलायला लागते. पेन्सिल घ्या, पेन नको, निर्णय फिरतात.

प्रत्येक क्षेत्ररक्षकाला कायमचा आकडा असतो: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट ७, सेंटर ८, राइट ९. शॉर्टस्टॉप सहा आणि थर्ड बेस पाच, इथे सगळे अडखळतात. हा आकडा शर्टावरच्या नंबरापेक्षा वेगळा.

अर्धी इनिंग लिहून बघू. पहिल्याने जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे मारला, त्याने फर्स्ट बेसला फेकला: त्याच्या चौकटीत ६-३, शेजारी गोलात १, म्हणजे पहिला बाद. दुसऱ्याला चार बॉल (मारण्याच्या टप्प्याबाहेरून गेलेले चेंडू) मिळाले, म्हणून फर्स्ट बेस फुकट: 'बीबी', आणि त्याच्या चौकटीत फर्स्ट बेसपर्यंत रेघ. तिसऱ्याने सेकंड बेसमनकडे मारला. त्याने दुसऱ्या बेसवर धावत आलेल्या शॉर्टस्टॉपला दिला, त्याने फर्स्टला. तिसऱ्याच्या चौकटीत ४-६-३ आणि गोलात ३. आता मागे जाऊन दुसऱ्याच्या चौकटीत ४-६ आणि गोलात २ लिहा. हे मागे जाणं नवखे विसरतात आणि मग बाद दोनच भरतात. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन बाद) 'के', बॅट न हलवता उभा राहून बाद झाला तर उलटा 'के'.

शेवटी हिशेब जुळवायचा. संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले आणि बाद, या तिघांची बेरीज एकूण बॅटिंगला आलेल्यांइतकीच यायला हवी. ४ धावा, ७ अडकलेले, २७ बाद म्हणजे ३८ पाळ्या. घरचा संघ पुढे असेल तर नववीचा खालचा भाग खेळतच नाहीत, तेव्हा बाद २४ धरा. दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर एक माणूस फुकट उभा करतात; तो बॅटिंगला आलेला नसतो, म्हणून अशा प्रत्येक इनिंगला बेरीज एकाने जास्त येते. अर्धं स्टेडियम रिकामं झाल्यावर वहीवर डोकं खुपसून बसलेली माणसं हीच बेरीज करत असतात.

ट्रिपल-एमध्ये बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे हरकत घेता येते. बॅटर, पिचर किंवा कॅचर लगेच डोक्याला हात लावतो आणि मोठ्या पडद्यावर चेंडूची वाट दिसते. डगआऊटकडे बघून विचारायची सोय नाही. निर्णय लागेपर्यंत वहीत काही लिहू नका.

सही मागताना

सामन्याच्या पाऊण तास ते वीस मिनिटं आधी, डगआऊटच्या टोकाला जिथे जाळी संपते किंवा कठडा खाली येतो, तिथे उभं राहा. त्या दिवशी सुरुवात करणाऱ्या पिचरला हाक मारू नका. तो त्या तासात कुणाचाच नसतो. लहान मुलांना पुढे करा, पण मुलाच्या हातात स्वतःचे आठ कार्ड देऊन नव्हे. खेळाडूंना ते लगेच कळतं. एका माणसाने एक वस्तू द्यावी.

चेंडूवर निळं बॉलपॉइंट चालतं. जाड मार्कर कातड्यात झिरपतो आणि वर्षभरात सही फुगून जांभळी होते. मार्कर कार्डाला आणि फोटोला. गुळगुळीत नव्या कार्डावर शाई धरत नाही. आधी टिश्यूने पुसून घ्या. शिवणी सगळ्यात जवळ येतात तो चेंडूचा पट्टा एकाच सहीसाठी मोकळा ठेवायचा असतो. पूर्ण संघाच्या सह्या घेत असाल तर हे आधीच सांगा, नाहीतर पहिलाच माणूस तिथे लिहून मोकळा होतो.

प्रेक्षकांत आलेला चेंडू तुमचा. क्रिकेटच्या सवयीने परत फेकू नका.

क्लबमध्ये गेल्यावर काय करायचं

पाठीराख्यांच्या मंडळाला इथे बूस्टर क्लब म्हणतात. प्रत्येक गावात असतोच असं नाही. जिथे नाही तिथे वरची पाच घरं मिळून तेच काम करू शकतात. संघाच्या ऑफिसात कम्युनिटी रिलेशन्सच्या माणसाला भेटलं की पुरतं.

क्लबचं काम गेल्या काही वर्षांत बदललंय. पूर्वी मायनर लीगचा खेळाडू इतका तुटपुंजा पगार घ्यायचा की बऱ्याच गावांत पाठीराख्यांच्या घरी मागच्या खोलीत राहायचा. २०२२ पासून बहुतेक खेळाडूंची राहायची सोय मूळ संघानेच करायची असा नियम आहे, आणि २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारानंतर ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर झाला. तरी जुन्या आठवणीने लोक अजून लसान्याची ताटं घेऊन येतात. ते नको. संघाचे आहारतज्ज्ञ असतात आणि घरचं शिजवलेलं क्लबहाउसमध्ये (खेळाडूंच्या खोलीत) बहुधा जातच नाही.

चालतं ते प्रवासाच्या पिशव्या. सक्रिय यादीत २८ खेळाडू, वर जखमी, प्रशिक्षक, ट्रेनर, सामान सांभाळणारे. म्हणून ४५ पिशव्या धरा. प्रत्येकीत बंद पाकिटातलं, नाव आणि घटक छापलेलं: ग्रॅनोला बार, सुकं मांस, एक फळ, पाण्याची बाटली. शेंगदाण्याचं काही असेल तर वेगळ्या रंगाची पिशवी. रविवारच्या सामन्याआधी दोन-तीन तास ऑफिसमार्फत क्लबहाउस मॅनेजरकडे द्या, कारण सामना संपला की बस थांबत नाही. पिशवीवर चिठ्ठी स्पॅनिशमध्येही असू द्या. डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाहून आलेली पुष्कळ मुलं असतात, आणि परक्या भाषेत दिवस काढणं काय असतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. खेळाडूंच्या बायका-मुलांना याहून उपयोगी पडतं ते बालरोगतज्ज्ञ, किराणा आणि बागा यांची एक पानी यादी आणि दोन आठवड्यांसाठी उसना पाळणा. दोन आठवडेच, कारण पुढे ते इथे असतीलच असं नाही.

पैसे जमवायला अर्धं-अर्धं रॅफल सोपं वाटतं: निम्मी रक्कम विजेत्याला, निम्मी कामाला. पण नॉर्थ कॅरोलिनात रॅफल ना-नफा संस्थांसारख्या मोजक्यांनाच काढता येतं आणि वर्षातून किती वेळा यालाही मर्यादा आहे. पाच घरांच्या टोळक्याने टेबल मांडून बसू नये.

काही गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. खेळाडूला दुखापतीबद्दल किंवा कराराबद्दल विचारू नका. संघ कुठल्या हॉटेलात उतरलाय ते कुठेही लिहू नका. हरल्यावर खेळाडूला मेसेज करू नका. पैज हरलेले लोक असले मेसेज करतात आणि तुम्हीही त्यांच्यातच धरले जाल.

परगावचा सामना आणि पाऊस

पहिला दौरा शार्लटचा करा: सुमारे १४० मैल, मैदान शहराच्या मधोमध, होमरन भरपूर. नॉरफोकला तीन तासांहून जास्त लागतात. सहा सामन्यांची मालिका असल्यामुळे शुक्रवार-शनिवार गाठता येतात. बस ठरवलीत तर ५० खुर्च्यांचा खर्च ३५ माणसांत भागून दर काढा; ऐन वेळी दहा-बारा जण गळतातच. जाऊन-येऊन एका दिवसात काहीतरी हवं असेल तर ग्रीन्सबरो तासाभरावर आहे, तिथे हाय-एचा संघ खेळतो.

डरहॅमला जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजा येतात. वीज जवळ कडाडली की शेवटच्या कडकडाटापासून साधारण अर्धा तास खेळ थांबतो. पाच इनिंग झालेल्या असतील तर सामना सहसा झाला असं धरतात आणि तिकीट वसूल. त्याआधी रद्द झाला तर तिकीट बदलून मिळतं, पैसे नाहीत. सुरूच न झालेला सामना बहुधा दुसऱ्या दिवशी जोडसामना म्हणून येतो आणि दोन्ही सामने सात-सात इनिंगचे असतात. हे माहीत नसलेले लोक दुसऱ्या सामन्याच्या सातव्या इनिंगला खायला रांगेत उभे राहतात आणि परत येतात तोवर मैदान रिकामं.

सप्टेंबरनंतर

सीझन दोन भागांत मोजतात. दोन भागांचे विजेते इंटरनॅशनल लीगच्या (ट्रिपल-एच्या दोन लीगपैकी बुल्सची) अजिंक्यपदासाठी तीन सामन्यांत भिडतात. तिथे जिंकणारा दुसऱ्या, पॅसिफिक कोस्ट लीगच्या विजेत्याशी एकच सामना खेळतो; २०२२ ते २०२५ तो लास व्हेगासला झाला. जून संपताना पहिला भाग कुणी नेला ते बघून ठेवा, सप्टेंबरच्या सुट्ट्या त्यावर ठरतात.

शेवटच्या घरच्या सामन्याला त्या दिवसाची २८ नावांची यादी छापून घ्या आणि फ्रिजवर लावा. नोव्हेंबरमध्ये चाळिसांच्या यादीत कुणाला घेतलं, कोण करार संपून दुसरीकडे गेलं, तसतशी नावं खोडत जा. मार्चअखेर नवी यादी आली की शेजारी चिकटवा. दहा नावं जुळली तरी पुष्कळ.